सिंधूताईच्या घरचा रिच सोफा

'रिच' या शब्दाबद्दल मला कोणी शिकवू नये! खामगावात माझं साड्यांचं दुकान आहे. साडी रिच म्हणजे जर. भाजी रिच म्हणजे काजू. माती रिच म्हणजे काळीभोर, आवाज रिच म्हणजे भरदार. आणि माणूस रिच म्हणजे ज्याच्या फालतू विनोदालाही लोक पोट धरून हसतात!

म्हणून जानेफळच्या माझ्या बहिणीच्या, सिंधूताईच्या पोरीला पाहायला मेहकरचे पाहुणे येणार म्हटल्यावर मी सूत्रं हातात घेतली. पोरगी धम्मशीला नर्स, मुलगा प्रसेनजित त्याच दवाखान्यात लॅबमध्ये. दोघांचं आधीच जमलेलं. फक्त त्याच्या आईनं, केसरबाईंनी, हो म्हणायचं बाकी होतं. मग दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांचं घर पाहायला जाणार होतो.

"मामा, साधंच राहू द्या ना," धम्मशीला म्हणाली.

"तुले काय समजते? लुक रिच पाहिजे!"

लग्नाचं सामान भाड्यानं देणाऱ्या बिछायतवाल्याकडून सोनेरी मखमली सोफा आणला, नवरा-नवरी बसतात तो. दुरुस्तीवाल्याकडून एसीचं नुसतं खोकं आणून भिंतीवर टांगलं. ताईच्या वांग्याच्या भाजीत काजूची पेस्ट ओतली.

"काऊन रे, भाजी हाय का खीर?" ताई ओरडली.

पाहुणे आले. केसरबाई सोफ्याच्या अगदी टोकावर बसल्या, एसटीत तिसरी सवारी बसते तशा.

"एसी नाही लावत का?"

"आम्हाले थंडी वाजते!" मी म्हणालो. बाहेर मे महिना, आणि माझा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला!

त्यांनी भाजी चाखली. "काजू?"

"रोजच असतात! आमची पोरगी काजूवरच वाढली!"

केसरबाईंनी ताट खाली ठेवलं. "भाऊ, माह्या घरी कूलर हाय, तोही टपली मारल्यावर चालते. एवढी लाडाची पोर आमच्यात कशी राहीन? आम्हाले नाही झेपणार. येतो आम्ही."

प्रसेनजित पांढराफटक पडला. धम्मशीलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की, त्यापेक्षा दोन इंजेक्शनं परवडली असती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चंदू, खरं सांग त्यायले!" ताई कडाडली.

मी तोंड उघडणार तोच दारात टेम्पो थांबला. बिछायतवाला ज्ञानेश्वर थेट आत!

"उठा हो मावशी, सोफा न्यायचा हाय."

"अबे, संध्याकाळी नेणार होतास ना?"

"संध्याकाळी मेहकरले पोचवायचा हाय! उद्या तिकडे कोण्या केसरबाईकडे पोरीवाले घर पाहाले येऊन राह्यले. बाई म्हणे, सगळ्यात रिच सोफा पाठवजो!"

केसरबाई सावकाश उठल्या, पदर सारखा केला, छताकडे पाहिलं. आधी धम्मशीला फिसकन हसली. मग ताई. मग खुद्द केसरबाई!

"ने बाबा सोफा. पण माह्या घरी नको. यायले मी सतरंजीवर बसवीन." आणि स्वतःच सतरंजीवर मांडी घालून बसल्या. "अन् ताई, बिनकाजूची भाजी हाय का घरात?"

होती. ताईनं माझ्यापासून लपवून ठेवली होती.

सोयरीक तिथंच पक्की झाली. टाळ्यांच्या दणक्यानं एसीचं खोकं निसटलं आणि थेट माझ्या खांद्यावर आलं!

खांदा चोळत मी म्हणालो, "आता लग्नाचा मंडप कसा, एकदम..."

"चंदू," ताई म्हणाली, "लग्नात तुले एकच काम. पाणी वाटजो. अन् त्यात गुलाबपाणी टाकायचं नाही!"

गुलाबपाणी कुठं? मी वाळ्याचा विचार करत होतो.