धाकटीची फाईल

"तिच्या फायलीपुढे साहेब खुर्ची टाकून बसतात. माझ्या फायलीकडे ढुंकूनही बघत नाहीत," थोरली जाऊ नवऱ्याला म्हणाली.

"बरंय की."

"बरं कसलं? नव्या कामाची प्रमुख तीच होणार."

दोघी जावा एकाच ऑफिसात, शेजारशेजारच्या टेबलांवर सी भाषेत प्रोग्राम लिहायच्या. गोदामाच्या काट्यांवर ट्रक चढला की प्रोग्रामने त्याचं वजन फायलीत लिहायचं. थोरलीच्या प्रोग्रामची वजनं आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत साठत. ती जागा भरली की सगळी एकदम फायलीत जात. तोवर फाईल कोरी. धाकटीची प्रत्येक ओळ मात्र लगेच उमटे आणि साहेब मान डोलवत बघत राहत.

थोरली तिला पाण्यात पाही. साहेबांनी धाकटीला चहा विचारला, पोटात दुखलं. नाही विचारला, तरी दुखलं. विचारायचीसुद्धा गरज उरली नाही म्हणजे!

शेवटी तिने बफर बंदच करून टाकला.

मग तिच्या फायलीत

एकेक

आकडा

सुटा

सुटा

पडायला लागला.

साहेब थबकले. खुर्ची ओढत थोरलीपाशी आले.

"सात आला. पुढे?"

"येतोय, साहेब."

"अडला का?"

"अडला नाही, येतोय."

थोरलीला आभाळ ठेंगणं झालं. तासाभरात मान अवघडली. एकेका आकड्यासाठी प्रोग्राम डिस्ककडे धावत होता. त्यात काटे खोळंबले, ट्रकांची रांग लागली, गोदामातून फोन सुरू झाले. साहेब तसूभर हलेनात. तिला डबाही उघडता येईना.

शेजारी धाकटी पाय पसरून निवांत जेवत होती. तिची फाईल कोरी.

"हे काय गं?" थोरली कुजबुजली.

"बफर मोठा केला, ताई. तुमच्यासारखा. किती हेवा वाटायचा मला तुमचा. तुमच्यावर भरवसा, म्हणून साहेब फिरकत नाहीत. माझ्या मात्र मानगुटीवर."

साहेबांनी वळून धाकटीच्या कोऱ्या स्क्रीनकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बघा, कसं बिनबोभाट काम चाललंय. नव्या कामाच्या प्रमुख याच." मग त्यांनी खुर्ची थोरलीच्या आणखी जवळ सरकवली. "तुमच्याकडे मात्र मला स्वतः लक्ष द्यायला लागणार, मॅडम."