वामनरावांची सुनावणी

सावदेकर वकिलांच्या घरी चहा मिळण्याआधी निकाल द्यावा लागे.

म्हणजे असं, की तुम्ही वर्गणी मागायला गेलात किंवा नुसता कोणाचा निरोप सांगायला गेलात, तरी वामनराव तुम्हाला पुढच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत बसवत. स्वतः समोर सतरंजीवर मांडी घालत, मांडीवर गिटार आडवी घेत आणि तार छेडून तिच्यावरून पोलादी पट्टी सर्रकन घसरवत. खोली दुमदुमून जाई. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावर थरथरे.

"हा झाला वादी," ते म्हणत. मग उठून गिटारची वायर एका यंत्रातून उपसत, शेजारच्या यंत्रात खुपसत आणि पुन्हा तीच तार, तीच पट्टी. "अन् हा प्रतिवादी. आता सांगा न जी, कोणाचा आवाज खरा?"

कोणाचाही सांगितला तरी सुटका नसे. "काहून?" म्हणजे का, हा पुढचा प्रश्न तयारच असे. ते काहून नीट सांगितलंत की मग वामनराव आत जाऊन स्टोव्ह पेटवत. या सगळ्या प्रकाराला ते सुनावणी म्हणत.

साठ सालानंतरची ती वर्षं. मी अमरावतीला शाळेत भूगोल शिकवायचो आणि राजापेठेत आमची भिंत वामनरावांच्या भिंतीला लागून होती. रेडिओवर तेव्हा हवाइयन गिटारवर सिनेमाची गाणी लागत, आणि तिचं वेड लागलेली दोनचार माणसं प्रत्येक गावात असत. वामनरावांचं वेड मात्र त्यापलीकडचं होतं. त्यांचा जीव गिटारवर नव्हताच. तो होता त्या गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अॅम्प्लिफायरवर. पत्र्याचा खोका, त्यात काचेचे व्हॉल्व्ह, आणि पुढे आवाज चढवायचं एक काळं बटण. असे दोन खोके त्यांच्याकडे होते. वादी एका बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजमधून आलेला. प्रतिवादी अकोल्याच्या हमीदभाईंनी हातानं जोडलेला. हमीदभाई म्हणजे लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावणारे. अकोल्यात त्यांचं दुकान होतं. दोन्ही खोके एकाच मोठ्या स्पीकरला जोडलेले असत. "साक्षीचा पिंजरा एकच पाहिजे," वामनराव म्हणत, "तर फरक समजते."

सगळी दुनिया ते बटण मध्यावर ठेवते, कारण त्यापुढे आवाज फाटतो. वामनराव ते पार शेवटपर्यंत फिरवत. त्यांना फाटलेलाच आवाज पाहिजे असे.

"साफ आवाजात काय आहे, मास्तर?" ते मला समजावत. "साफ बोलणारा साक्षीदार शिकवलेला असते. त्याले पुरा चढवा, गळा फाटू द्या, मग पोटातलं बाहेर येते."

आणि फाटण्यातही प्रकार होते. वादी फाटे तो नवा मांजरपाट दोन हातांनी टराटरा फाडावा तसा. प्रतिवादीचा आवाज कापसाच्या जिनातल्या रुईसारखा. फाटे, पण तुटत नसे, धागे मागे रेंगाळत राहत. हे मला त्यांनीच शिकवलं. सुरुवातीला मला दोन्हीकडून फक्त डोकेदुखी ऐकू येई.

आमच्या कुसुमनं, म्हणजे माझ्या बायकोनं, पहिल्याच सुनावणीत सरळ सांगितलं, "दोघंही कण्हतातच. एकाचं पोट दुखतंय, दुसऱ्याची दाढ."

मला वाटलं, वकीलसाहेब चिडणार. ते इतके खूश झाले, की गिटार खाली ठेवून उठून उभे राहिले. "वैनी, तुमचे कान हायकोर्टाचे आहेत! आता हे सांगा, दाढ कोणाची?"

तरीही भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी दाढ आणि पोट आलटूनपालटून दुखायला लागलं, की कुसुम कपाळाला बाम लावून बसे. "त्या माणसाला दुसरा काही उद्योग नाही का हो?" ती विचारी. उद्योग होता, पण वकिली फार चालत नव्हती. कोर्टात जाऊन ते दुपारी परत येत. पक्षकारांना घरी बोलवायची त्यांची पद्धत होती, पण पक्षकारालाही आधी सुनावणीला बसावं लागे, आणि मग तो दुसरा वकील बघे.

लग्नाची आमंत्रणं त्यांना खूप येत. जेवणासाठी ते कधीच गेले नाहीत. मांडवाच्या मागे, जिथे लाउडस्पीकरवाला यंत्र घेऊन बसतो, तिथे जाऊन उकिडवे बसत. नांदगाव खंडेश्वरला माझ्या एका विद्यार्थ्याच्या बहिणीचं लग्न होतं. आम्ही दोघं गेलो होतो. मंगलाष्टकं सुरू झाली आणि लाउडस्पीकरवाला जरा पाणी प्यायला उठला. वामनरावांना मोह आवरला नाही. भटजींच्या "सावधान"चा असा काही गगनभेदी फाटका टाहो फुटला, की लोकांना वाटलं, झालं, लागलं लग्न. सगळ्यांनी अक्षता टाकून दिल्या. बँडवाल्यांनी बँड सुरू केला. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना नवरानवरी हार हातात घेऊन तशीच उभी. मुलीचा मामा धावत मागे आला.

"कोण हाय बे तो? आवाज फाटून राहिला न!"

"फाटलाच," वामनराव शांतपणे म्हणाले, "पण कसा फाटला, ते ऐकलं का तुमी?"

परत येताना बसमध्ये मी हसत होतो. ते खिडकीबाहेर बघत होते. मध्येच म्हणाले, "भटजीचा गळा मुळात चांगला आहे. कोणी चढवूनच पाहिला नव्हता."

स्वतःबद्दल त्यांनी कधी काही सांगितलं नाही. जे कळलं ते इकडूनतिकडून. वडील लवकर गेले. दोन धाकट्या भावांचं शिक्षण, लग्नं, सगळं यांनीच केलं आणि त्यात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. एक भाऊ जबलपूरला, एक मुंबईला. पूर्वी गणपतीत यायचे. पुढे मुलांच्या शाळा आल्या, मग यायचे ते राहिले. घरात चार खोल्या होत्या आणि वामनराव त्यातल्या दोन झाडत.

वर्षातून दोनतीनदा ते अकोल्याला हमीदभाईंकडे जात. कुसुमचं माहेर अकोल्याचं, त्यामुळे एकदा मीही बरोबर होतो. दुकानात पाय ठेवल्याबरोबर दोघांचं भांडण सुरू झालं. हमीदभाई हातातला सोल्डरिंगची सळई नाचवत मला म्हणाले, "मास्तरसाब, लोक येतात अन् म्हणतात, हमीदभाई, आवाज साफ करून द्या. हे एकटे असे हायेत की जे फाडून मागतात! मशीनले पुरं चढवतात. जळून जाईन एक दिवस, तवा मले बोलू नका."

"जळन तर जळन," वामनराव म्हणाले. "अर्ध्यावर ठेवून वीस वर्ष टिकून काय करायचं आहे त्याले?"

त्या वर्षी दिवाळीनंतर वामनरावांनी मधल्या दाराला पडदा लावला. यंत्रं पडद्याआड गेली. "न्यायाधीशानं पक्षकाराचं तोंड पाहू नये," असं कारण त्यांनी दिलं. आता वायर पडद्याखालून आत जाई. वादी झाला की ते आत जात, काहीतरी खटखट होई, बाहेर येऊन म्हणत, "अन् हा प्रतिवादी."

पडद्यामुळे आमची चुरस वाढली. खरं सांगायचं तर याच काळात आम्ही त्या खेळात रमलो. मी ठामपणे प्रतिवादीच्या बाजूचा झालो. कुसुम वादीच्या. शाळेतल्या गायनमास्तरांना मी एकदा घेऊन गेलो, तर ते डोळे मिटून अर्धा तास बोलले. म्हणे वादीत नुसता जोर आहे, प्रतिवादीत करुणा आहे. वामनराव एकेकाचं बोलणं मान हलवत ऐकून घेत, मध्येच "अजून एक डाव ऐका न," म्हणत, आणि चहा दोनदा होई. आम्ही घरी येऊनही वाद घालत असू.

संक्रांतीच्या सुमारास मी सासुरवाडीला अकोल्याला गेलो होतो. सहज हमीदभाईंच्या दुकानात डोकावलो. कोपऱ्यात एका फळकुटावर उघडाबोडका सांगाडा पडला होता. व्हॉल्व्ह काढलेले, खालचा ट्रान्सफॉर्मर जळून काळा पडलेला.

"ओळखलं नाही?" हमीदभाई म्हणाले. "वकीलसाबचं मशीन हाय. दिवाळीतच जळलं. मुंबईहून माल येऊन नाही राहिला."

"मग त्यांच्याकडे आहे ते?"

"नुसता खाली डब्बा हाय तो, आत काई नाही. मी म्हटलं, खोका काहून नेता, इथंच राहू द्या. तर म्हणे, घर मोकळं दिसते."

मी बसमध्ये पूर्ण रस्ता त्याचा विचार करत आलो. दिवाळीपासून आम्ही एकाच यंत्राला दोनदा ऐकत होतो. गायनमास्तरांना ज्यात करुणा सापडली आणि ज्यात नाही सापडली, ते दोन्ही वादीच होते. आधी मला हसू आलं, मग थोडा राग आला, मग काहीच कळेना. घरी आल्यावर कुसुमला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सुनावणी होती. वादी झाला. वामनराव उठून पडद्याआड गेले, खटखट झालं, बाहेर आले.

"अन् हा..."

"वामनराव," मी म्हणालो, "प्रतिवादी अकोल्याला आहे. मी पाहून आलो."

ते तसेच उभे राहिले. मग सावकाश सतरंजीवर बसले आणि गिटारवर फडकं घातलं. त्यांना काही समजावून सांगायचं असेल असं मला वाटलं नव्हतं, पण तेच बोलले.

"मास्तर, एकच यंत्र असलं न, तर माणूस ऐकते, 'छान आहे' म्हणते, अन् उठते. दोन असले की त्याले बसावं लागते."

त्यांनी चहाला विचारलं नाही. मी उठलो.

त्यानंतर भिंतीपलीकडून आवाज यायचा थांबला. वामनराव कोर्टातून परत येत, दाराला आतून कडी लागे. रस्त्यात भेटले तर छत्रीचं टोक बघत बाजूनं निघून जात. मी दोनदा हाक मारली. "कामात आहे जी," असं दाराआडून उत्तर आलं. तिसऱ्यांदा हाक मारायला मला संकोच वाटला. आमच्याकडची बामची बाटली फडताळात तशीच पडून राहिली. संध्याकाळी सात वाजले की आम्ही दोघं उगाच भिंतीकडे बघायचो.

एका रविवारी दुपारी कुसुमनं परात घेतली, त्यात मेथीची जुडी ठेवली, आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठे?" मी विचारलं.

"चला," ती म्हणाली.

तिनं वामनरावांची कडी वाजवली. उत्तर आलं नाही. ती वाजवतच राहिली. शेवटी दार थोडंसं उघडलं. वामनरावांची दाढी वाढली होती.

"वैनी, आज सुनावणी नाही," ते पुटपुटले.

"मी सुनावणीला आलेच नाही. मेथी निवडायची आहे. आमच्याकडे उजेड नाही."

आमच्याकडे चांगला उजेड होता. ती आत गेली, वेताच्या खुर्चीकडे न बघता खाली सतरंजीवर बसली आणि परात पुढ्यात ओढली. मी दारातच रेंगाळलो. वामनराव तिच्याकडे बघत राहिले.

"तुम्ही वाजवा ना," ती मान वर न करता म्हणाली.

"कशावर?" त्यांनी विचारलं. "एकच आहे, वैनी."

"मग त्याच्यावर वाजवा."

"अन् निकाल?"

"निकाल कसला? मेथी होईपर्यंत बसते मी."

वामनराव मधल्या दाराशी गेले. पडद्याला हात लावून जरा थांबले, आणि मग त्यांनी तो ओढून काढून खुंटीला टांगला. आत स्टुलावर दोन खोके शेजारी शेजारी होते. एकाच्या व्हॉल्व्हमध्ये हळूहळू नारिंगी उजेड धरायला लागला.

कुसुमचा हात कामाला फार चलाख. मेथीची जुडी ती बोलता बोलता निवडते. त्या दिवशी तिनं एकेक पान खुडलं, उलटसुलट करून पाहिलं, बाजूला ठेवलं, परत उचललं. बाहेर दिवेलागण झाली तरी परातीत अर्धी जुडी शिल्लक होती.