जास्वंदीच्या पानाची मोहीम

श्रीशारदा प्रसन्न. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी नववीच्या राज्यात जे वर्तमान जाहले, ते ऐकिले व पाहिले तैसे लिहितो. राज्याचे नाव पुसो नये. विज्ञानाचा कारभार इंगवलेबाई करीत आणि त्यांचा दरारा ऐसा की खडू मोडला तरी तुकडी चपापे. त्या समयी बाईंनी फर्मान काढिले की पानात सूर्यप्रकाशाने पिष्ट तयार होते हा प्रयोग घरचे झाड घेऊन करावा, वहीत लिहावा, आणि ज्याचे वहीवर सही नाही त्याने प्रात्यक्षिक परीक्षेस बसू नये. फर्मान ऐकताच हर्षद गायधनी, जो तुकडीचा सरलष्कर, त्याने मोबाईल उपसून इंटरनेटाचे मुलखावर स्वारी केली, आणि एका संकेतस्थळावरून आयता प्रयोग आकृतीसुद्धा लुटून आणिला, आणि लूट ग्रुपवर वाटली, आणि चाळीस वह्या एका बैठकीत भरल्या. मग बाई वह्या तपासो लागल्या, तो पहिलीत जिरेनियम या विलायती फुलझाडाचे पान, दुसरीत जिरेनियमचे पान, चाळिसावीतही तेच. बाई म्हणाल्या, "गावात जिरेनियम कुणाच्या दारात आहे रे? मलाही बघायचंय." चाळीसही वह्या सहीवाचून परत आल्या. चोरी केली ती केली, झाडाचे नावही बदलले नाही, इतका आळस आम्ही दुसऱ्या राज्यात पाहिला नाही.

एकेचाळिसावी वही मुक्ता दुधाळ हिची. तीत दारचे जास्वंदीचे पान होते, काळ्या कागदाची पट्टी लाविली होती, आणि खाली लिहिले होते की जेथे पिष्ट तेथे निळे करणारे आयोडीन टाकिता पट्टीखालचा, ऊन न लागलेला भागही निळाच जाहला, तस्मात प्रयोग फसला. बाईंनी ते दोनदा वाचिले आणि म्हणाल्या, "खरं लिहिलंस, बरं केलंस. पण का फसला? शनिवारपर्यंत कारण शोध, मग सही." हर्षद हळूच म्हणाला, "पट्टी पांढरी राहिली असं लिही की. कोण बघतंय?" मुक्ता म्हणाली, "मी बघितलंय ना." तिचीही वही अशी सहीवाचून राहिली, आणि परीक्षा सोमवारी. पोरीचा जीव टांगणीस लागला, परंतु तिने कंबर कसली. मग तीही त्याच इंटरनेटाचे मुलखात गेली, मात्र लुटीस नव्हे. तीन ठिकाणी नुसती आकृती मिळाली, चौथे ठिकाणी अर्धवट चित्रफीत, आणि पाचवे ठिकाणी कोणा निवृत्त मास्तरांची टीप सापडली की झाड आधी दोन दिवस अंधारात ठेवावे, नाहीतर पानातले जुने पिष्ट तैसेच राहते. हे वाचताच मुक्ताने कुंडी उचलिली आणि गोधड्यांचे कपाटात कोंडिली. मातोश्री संतापून म्हणाल्या, "अगं, देवाला फुलं कुठनं आणू मी आता?" मुक्ता म्हणाली, "दोनच दिवस गं आई. देव थांबेल, बाई नाही थांबणार." मग शनिवारी ऊन येताच कुंडी बाहेर काढून पट्टी लाविली, चार तास उन्हात ठेविली, आणि कुंडी कवटाळून शाळेत गेली. प्रयोगशाळेत बाईंचे देखत पान स्पिरिटात उकळिले, धुतले, आयोडीन टाकिले. क्षणात पान काळेनिळे जाहले, आणि मधोमध पट्टी स्वच्छ फिकी राहिली. मुक्ता रडलीच. बाईंनी सही केली, आणि फसलेले पृष्ठ ती फाडू गेली तो हात धरून त्यावरही केली.

मग चाळीस जणांस नवी मुदत मिळाली, आणि त्यांची परीक्षा पुढे ढकलिली. हर्षद येऊन म्हणाला, "मुक्ता, वही दे ना जरा." ती म्हणाली, "वही नाही मिळायची. कुंडी ने. दोन दिवस अंधारात ठेव, विसरू नकोस."

एवंच, त्या मासी राज्यात चाळीस प्रयोग खरोखर जाहले. पैकी अकरा फसले, ते फसले म्हणोनच लिहिले गेले, आणि त्यांवरही सह्या जाहल्या.