ॲन्सेल्मची बिनमातीची मिरची

ॲन्सेल्मने ठरवलं, मिरची घरातच लावायची. तीही मातीशिवाय. (माती होती तेव्हा ती त्याने बिल्डरला विकली होती. हा विषय घरात काढायचा नसे.)

सांडोरची वाडी देऊन पापडीला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतल्याला दोन वर्षं झाली होती. येताना बायकोने, इझाबेलने, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत चौदा बिया आणल्या होत्या. तिच्या आईची मिरची. आई गेली, वाडी गेली, आता ती मिरची कुठेच उरली नव्हती.

"माझ्यावर सोड," ॲन्सेल्म म्हणाला. "पेपरात आलंय, नुसत्या पाण्यावर होते."

"वाडीच्या वेळीही 'माझ्यावर सोड' हेच ऐकलं होतं," इझाबेल म्हणाली. पण बाटली दिली.

त्याने कोल्ड्रिंकच्या बाटल्या मधोमध कापल्या, वरच्या भागात नारळाच्या शेंड्या कोंबल्या आणि जुन्या बनियनच्या वाती करून खालच्या खतपाण्यात सोडल्या. खर्च शून्य. (खत शेजारच्या एडवर्डच्या गुलाबांचं होतं. त्याला अजून पत्ता नाही.) बी सगळं एकदम पेरलं. हातचं राखून ठेवायचा स्वभाव असता तर वाडीही राहिली असती.

नऊ रोपं आली! इझाबेल सकाळी प्रार्थनेआधी खिडकीशी जाऊ लागली आणि ॲन्सेल्मला न मागता दुसरा चहा मिळू लागला. नळाचं पाणी जेमतेम पिण्यापुरतं यायचं, त्याला हात लावायची ॲन्सेल्मला बंदी होती. म्हणून रोपांना टँकरचं पाणी.

मग पानांच्या कडा करपल्या. त्याने खत वाढवलं. पानं आक्रसली. त्याने खिडकी बदलली. रोज एक रोप मान टाकू लागलं, आणि नवव्या दिवशी शेवटचं गेलं. इझाबेल रडली नाही. तिने औषधाची रिकामी बाटली धुऊन फळीवर ठेवली. त्यापेक्षा ती रडली असती तर बरं झालं असतं, असं ॲन्सेल्मला वाटलं.

त्याने बादलीतल्या पाण्यात बोट बुडवून चाटलं. खारट! गुन्हेगार सापडल्याच्या आनंदात तो धडाधड जिने उतरला. खाली टँकर उभाच होता.

"हिलरी! कुठल्या नालायकाच्या विहिरीचं पाणी आणतोस रे? मीठ आहे, मीठ! आमची सांडोरची विहीर आठव. साखर होती, साखर!"

ड्रायव्हर हिलरीने पाइप खाली ठेवला. "अंकल, तुमच्याच बावीचं पानी हाय. बिल्डरने टँकरवाल्यांना दिली ना. दिवसाला वीस टँकर उपसतात. गोड पानी संपलं, खाडीचं आत शिरलं."

सगळ्या गॅलऱ्या ऐकत होत्या. (आवाज ॲन्सेल्मनेच चढवला होता.) इझाबेलही त्यांत होती.

तो वर आला तेव्हा ती ताटं मांडत होती.

"सापडला का तो नालायक?" तिने मान वर न करता विचारलं.

"सापडला," ॲन्सेल्म खुर्चीत बसत म्हणाला. "वाढ त्याला."

तिने वाढलं. कालवणात मीठ नव्हतं. मागायची त्याची छाती झाली नाही.