शेवटच्या रिळाचा डबा

“शेवट दाखव, बबन्या! न्हाईतर तंबू पेटवीन!”

चिखलीच्या तंबूत पब्लिक उठलं होतं. बसायला खुर्च्या नव्हत्या, म्हणून ढेकळं उडत होती. एक थेट बबनअण्णाच्या तोंडावर बसलं आणि दात पडला. तरी अण्णा शेवटच्या रिळाच्या डब्यावर बूड टेकून बसलेला, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा.

हा अण्णा म्हणजे आमचा रहाटणीचा शेजारी, फिरत्या टॉकीजचा ऑपरेटर. आवाज असा, की घरी खोकला तर पिंपरीतले लोक कंपनीचा भोंगा समजून डबे घेऊन निघायचे. त्या साली पिच्चर एकच चालला. जात झुगारून पळालेली पोरगी आणि तिच्यासंगं पळालेला पोरगा. कॉलेजची पोरं शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घ्यायची. अण्णाला मात्र शेवटचं रीळ प्यारं. त्यात पोरीचे भाऊ दोघांना उसाच्या फडात गाठून कापतात. ते लावण्याआधी अण्णा माईकवर गरजायचा, “आता बघा मजा! आईबापाच्या तोंडाला काळं फासलं की काय हुतं!”

कारण त्याची एकुलती शालन संत तुकाराम नगरातल्या एका बौद्ध फिटरशी लग्न करून गेली होती. अण्णानं जिवंत लेकीचा दहावा घातला. मुंडण केलं, पंगत उठवली. पंगतीत जिलबी होती. कुणी पोरीचं नाव काढलं की म्हणायचा, “वारली ती. विषय संपला, राव.”

तर त्या संध्याकाळी रीळ बदलायला दिवे लागले. मी अण्णाशेजारीच, मशीनच्या माच्यावर. तिथून कनातीपलीकडच्या बायकाही दिसायच्या. पहिल्याच रांगेत शालन. पोट चांगलंच पुढं आलेलं. पिच्चर बघायला आली होती की बापाला, देव जाणे. पडद्याकडं पाठ करून ती वर माच्याकडं बघत होती.

अण्णानं माईक उचलला. तोंड उघडलं. एवढ्या थोरल्या गळ्यातून हुं की चूं नाही. माईक ठेवला आणि डब्यावर बसला.

टॉकीजच्या मालकानं त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं. लोक शिव्या देत पांगले. शालन, पुरुषांतून न्यायला आलेल्या नवऱ्यामागून गेली, दोनदा मागं वळून. अण्णानं मान वर केली नाही.

मी रक्त पुसायला रुमाल दिला. “अण्णा, शालन तर वारली ना तुमची?”

त्यानं पडलेला दात खिशात टाकला.

“पोटुशी बाईनं मयत बघू न्हाई,” तो म्हणाला.