प्लीजमास्तर आणि निळी गाडी

नम्रपणे विचारलेला प्रश्न जगात कुणालाही लागत नाही, असं प्लीजमास्तरांचं ठाम मत होतं. कामधंदा करणाऱ्या मोठ्या माणसांना ते इंग्रजी बोलायला शिकवत, आणि हे नाव त्यांना वर्गानंच ठेवलं होतं. 'दवाखाना कुठे आहे?' असं थेट विचारणाऱ्याला ते दवाखान्यापर्यंत पोचूच देत नसत. आधी 'एक्स्क्यूज मी', मग 'कुड यू प्लीज टेल मी', आणि मग दवाखाना. तोवर पेशंटचं काय व्हायचं ते होवो.

या शिकवणीला दाद न देणारा एकच माणूस होता, तो म्हणजे त्यांचे सासरे. सासरे प्रश्न विचारत ते वीट फेकल्यासारखे. पगार किती? केस का गळतात? अजून बसनंच फिरतोस? आयुष्यात एकदा तरी या माणसानं आपल्याशी नम्रपणे बोलावं, एवढीच मास्तरांची इच्छा होती.

त्या दिवशी नेमका बसचा संप होता. बायकोनं तासभर मनधरणी केली तेव्हा सासऱ्यांनी आपली निळी गाडी द्यायचं कबूल केलं. ही गाडी ते पोटच्या मुलाच्या हातातही देत नसत. "सहाला परत हवी. ताईला आणायला स्टेशनवर जायचंय. ओरखडा दिसला तर बघ," एवढं बोलून त्यांनी किल्ली जावयाच्या तळहातावर ठेवली. मास्तरांना पदवी मिळाल्यासारखं वाटलं.

वर्गाच्या गल्लीत एरवी सायकल लावायची मारामार. आज मात्र गल्ली मोकळी होती. आपलं नशीब उघडलं म्हणत मास्तरांनी गाडी ऐन मधोमध लावली. उतरताना त्यांना फाटकावर चिकटवलेला कागद दिसला. 'रस्त्याचं काम. चारच्या आत गाड्या हटवा. नंतर आम्ही जबाबदार नाही.' मास्तर जागीच थबकले. गाडीसाठी नव्हे, भाषेसाठी! त्यांनी कागद अलगद सोडवला, लाल पेन काढून 'हटवा'खाली दोन रेघा मारल्या आणि तो वरच्या खिशात ठेवला. आजच्या पाठाला उद्धटपणाचा ताजा नमुना मिळाला, म्हणून ते खुशीत जिना चढले.

पहिल्या मजल्यावर अकरा जण वह्या उघडून बसले होते. थेट प्रश्न कसा बोचतो आणि तोच आडवळणानं घेतला की कसा गोड होतो, हे मास्तरांनी त्या कागदावरूनच समजावलं. चारच्या सुमारास खाली कसलंसं यंत्र घरघरायला लागलं. उच्चार नीट ऐकू येईनात, म्हणून त्यांनी खिडकीजवळच्या प्लंबरला खिडकी लावायला सांगितली. प्लंबरनं खाली पाहिलं आणि विचारलं, "सर, ती निळी गाडी कोणाची?"

"असं विचारतात?" मास्तर दुखावले. "पुन्हा. नीट."

प्लंबरनं कपाळावरचा घाम पुसला. एक्स्क्यूज मीपासून सुरुवात करून, मध्ये दोनदा अडखळून, गाडी कोणाची आहे हे आपण कृपया सांगू शकाल का, असं त्यानं अख्खं इंग्रजीत विचारलं. मास्तरांना भरून आलं. त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि अकराही जणांकडून पाच वेळा म्हणवून घेतलं. गाडी कोणाची, हे काही त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. दहा वर्षं बसनं फिरलेल्या माणसाला आपण आज गाडी आणली आहे हे आठवणार तरी कसं?

एवढ्यात दार ढकलून रस्त्याच्या कामावरचा मुकादम आत आला. गुडघ्यापर्यंत सिमेंट, हातात थापी. "खालची गाडी कुणाची?" तो ओरडला. वर्ग शहारला. मास्तर मात्र हरखले. असा अस्सल नमुना पुस्तकात कुठून मिळणार? त्यांनी मुकादमाला खुर्ची दिली. मिक्सरमधला माल थांबत नाही, तो ओतावाच लागतो, असं तो काकुळतीनं सांगत होता. चांगलं बोलायला माणसाकडे दोन मिनिटं असावीत, असं मास्तर म्हणाले. दोनाची चौदा झाली. पहिल्या बाकावरच्या नर्सनं त्याला 'कुड यू' शिकवलं, बेकरीवाल्या बाईनं 'प्लीज' कुठे घालायचं ते. शेवटी मुकादम उठून उभा राहिला आणि त्यानं एका दमात सगळं बिनचूक विचारलं. टाळ्या पडल्या.

"आता नम्र प्रश्नाला नम्र उत्तर," मास्तरांनी खूण केली.

"वुई आर सॉरी, वुई डोन्ट नो," वर्ग एका सुरात म्हणाला. म्हणजे माफ करा, आम्हाला ठाऊक नाही. मुकादम थँक यू म्हणून समाधानानं खाली गेला.

साडेपाचला खिशातली किल्ली हाताला लागली तेव्हा कुठे मास्तरांना गाडी आठवली. किल्ली बोटावर फिरवत ते जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर खिळले. किल्ली हातातून पडली. गल्लीभर नवाकोरा, गुळगुळीत काँक्रीटचा रस्ता पसरला होता आणि त्याच्या मधोमध सासऱ्यांची निळी गाडी चारही चाकं रुतवून बसली होती. मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली असती, पण ती आता सरकण्यातली राहिली नव्हती.

"कुणी केलं हे? गाडी कधी निघणार?" ते किंचाळले.

"असं नाही, सर," मुकादम थापी पुसत म्हणाला. "कुड यू प्लीज."

मग त्यानं शांतपणे सांगितलं. सात दिवस पाणी मारायचं, तोवर रस्त्यावर कुणी पाऊलसुद्धा ठेवायचं नाही. त्यानंतर फोडून काढू. आणि विचारायला तो आला होताच की.

मास्तरांनी सासऱ्यांना फोन लावला. "बाबा, आज आपल्याला गाडीची अगदी गरजच आहे का, हे सांगू शकाल का?"

"कुठे ठोकलीस?"

"ठोकली नाही, बाबा," मास्तर म्हणाले. "रोवली."

सासरे वीस मिनिटांत रिक्षानं हजर झाले आणि गटाराच्या कडेकडेनं जिन्यापाशी आले. ओल्या काँक्रीटच्या कडेला उभं राहून त्यांनी गाडी चाकांपासून टपापर्यंत न्याहाळली. मग जावयाच्या खिशातून डोकावणारा कागद त्यांनी ओढून काढला, वाचला आणि त्या दोन लाल रेघांवरून अंगठा फिरवला. आता वीट येणार म्हणून मास्तरांनी डोळे मिटले.

पण सासऱ्यांनी हात जोडले. आवाज लोण्यासारखा मऊ होता. "जावईबापू, तसदीबद्दल माफ करा. आपण या मंडळींना नक्की काय शिकवता, हे मला कृपया सांगू शकाल का?"

वाक्यात एकही चूक नव्हती. मास्तरांची इच्छा पुरी झाली होती. जिन्यावर दाटीनं उभे असलेले अकरा जण सवयीनं एका सुरात म्हणाले, "वुई आर सॉरी, वुई डोन्ट नो."