हारामागची मोनालिसा

कुशलची नोकरी पक्की होणार की नाही, हे सोमवारी ठरणार होतं. अकोल्याहून चेन्नईला येऊन त्याला पाच महिने झाले होते. अड्यारच्या जाहिरात कंपनीने त्याला पहिलंच स्वतंत्र काम दिलं होतं, राघोत्तमरावांच्या कॉफीच्या दुकानाचा फलक. राघोत्तमराव तंजावरकडचे मराठी, पिढीजात कॉफीवाले. ते 'बरं' म्हणाले तर नोकरी, नाही तर अकोल्याचं तिकीट.

कुशलने मोनालिसाला कांजीवरम नेसवली, कुंकू लावलं आणि एकावर एक ठेवलेल्या हातांत वाफाळता पितळी पेला दिला. खाली ऑफिसातून तमिळ करून घेतलेली ओळ होती, 'राघोत्तमरावांच्या घराण्याची शान, आता सर्वांच्या मनात'.

सोमवारी सकाळी फलक लागला. नव्या गाडीला घालतात तसा नव्या फलकालाही हार हवाच, म्हणून कुशलने शिडी लावून जाडजूड हार चढवला आणि खाली समई लावली. हारात पेला पार झाकून गेला. इकडे माणूस गेलं की त्याचा असाच मोठा फलक रस्त्यावर लागतो, हे कुशलला ठाऊक नव्हतं. तमिळ वाचता येत नसल्यामुळे पाच महिने तो त्या सगळ्या मंडळींना निवडणुकीचे उमेदवार समजत होता. तो खुशीत समोर इडली खायला गेला.

आधी फुलवाल्या विजयलक्ष्मीने टोपली खाली ठेवून हात जोडले. मग शेजारचे निवृत्त मास्तर गुंडोराव आले. त्यांनी चपला काढल्या आणि दहा जणांना फोन केले. तासाभरात तिथे चाळीस माणसं अनवाणी उभी होती. साडी-कुंकवात तिला कोणी ओळखलं नाही.

"कुठूनही पाह्यलं तरी माझ्याकडेच पाहतात की!" गुंडोराव कुजबुजले. "कुंभकोणांत ह्यांच्या हातचा चिंचभात खाल्लों मी."

राघोत्तमराव रिक्षातून उतरले, तोच दोघांनी त्यांना मिठी मारली.

"कोण गेलं?" ते घाबरले.

"तुम्हीच विचारतां?"

हार, साडी, कुंकू पाहून राघोत्तमरावांना वाटलं, आपली बायकोच गेली. त्यांनी घरी फोन लावला. त्रिपुरसुंदरीबाईंनी तो उचलला नाही, कारण त्यांचंही कुणीतरी फोनवर सांत्वन केलं होतं आणि कोण गेलं ते बघायला त्या घरातून निघाल्या होत्या.

कुशल धावत आला. "सर, कोणी गेलेलं नाही! हे चित्र आहे! पाचशे वर्षांपूर्वीचं, इटलीतलं!"

"पाचशे वर्षं!" गर्दीने पुन्हा हात जोडले.

"काढ ते आत्ताच्या आत्ता!" राघोत्तमराव ओरडले.

कुशल शिडी चढला आणि त्या चेहऱ्यासमोर थबकला. संगणकावर त्याने तिला लहान-मोठं केलं होतं, डावी-उजवीकडे सरकवलं होतं, सकाळी हारही घातला होता. तिच्याकडे पाहिलं मात्र कधीच नव्हतं. आता ती त्याच्याकडे पाहत होती, शांतपणे, जणू त्याची सगळी फजिती तिला आधीपासून ठाऊक होती. त्याच्या अंगावर काटा आला. पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी रंगवलेली ही बाई, आणि आज अड्यारच्या रस्त्यावर तिच्यासाठी अनोळखी माणसं डोळे पुसत होती! कुशल नोकरी विसरला. फलक काढायला हातच उचलेना.

"कां रे, थांबलास कां?" खालून बाईंचा आवाज आला. त्रिपुरसुंदरीबाई धडधाकट उभ्या होत्या. त्यांना पाहून राघोत्तमराव पायरीवरच बसले. बाईंचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. त्या वर बघत होत्या. "चेहरा कसा जिवंत आहे! जिवंत बाईला हार कशाला? आधी तो काढ!"

कुशलने हार काढला. पितळी पेला दिसला, वाफ दिसली.

"अय्यो पावम्, बिचाऱ्या!" बाई हळहळल्या. "सकाळपासून कॉफी धरून बसल्यात, आणि आपण रडतों! निवली असेल की."

चाळीसच्या चाळीस माणसं अनवाणीच कॉफी प्यायला दुकानात शिरली. राघोत्तमराव उठले, आतून पहिला पेला घेऊन आले आणि फलकाखाली ठेवला.

"ही ह्यांना, गरम," ते म्हणाले. मग शिडीवरच्या कुशलकडे त्यांनी पाहिलं.

"बरं."